गाळलेलं वरण आणि ६० मिलीची सिरिंज

जबडा सरकवण्याच्या ऑपरेशननंतर हाडं जागेवर धरून ठेवायचं काम टायटॅनियमच्या प्लेटा आणि स्क्रू करतात. घरी आल्यावर आपल्या हातात उरतं ते पोटात पुरेसं अन्न जाणं आणि तोंड स्वच्छ राहणं. बहुतेकांचं घोडं अन्नापाशीच अडतं. ‘पातळ काहीतरी द्या’ एवढंच घरच्यांच्या लक्षात राहतं, आणि चार दिवस नारळपाणी नि सरबतावर निघतात. नारळपाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मग वजन झरझर उतरतं, उभं राहिलं की चक्कर येते, जखमाही रेंगाळतात.

पातळ म्हणजे सिरिंजने भरवता येईल असं, ताकाइतकं पातळ. मूगडाळ अगदी गाळ शिजवा, हिंग, हळद, मीठ आणि सढळ हाताने तूप घाला, मिक्सरमधून दोनदा फिरवा आणि चहाच्या बारीक गाळणीतून काढा. एवढं करूनही गाळणीत चमचाभर चोथा राहतो. सिरिंजच्या तोंडाशी नाहीतर टाक्यांत जाऊन बसतो तो हाच. फोडणीत मोहरी-जिरं नको. एक मोहरी दातांवर चिकटवलेलं ब्रॅकेट आणि वरचे-खालचे दात बांधून ठेवणारं रबर यांच्या मध्ये अडकली की काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. जिरेपूड चालते.

नाचणीची आंबील, दूध घालून घुसळलेली पेज, पनीर वाटून घातलेलं दुधीचं सूप, असं आलटून पालटून द्या. पाव लिटर दुधात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातच ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर फेटली तर आणखी १० च्या आसपास मिळतात. पेरू, स्ट्रॉबेरी, बियांचं काहीही नको. टोमॅटोचं सार आणि कोकम पहिला आठवडाभर झोंबतं. खालचा ओठ नि हनुवटी बधिर असल्यामुळे चटका बसलेला कळत नाही, म्हणून बाळाच्या दुधासारखा एक थेंब मनगटावर टाकून बघा.

एका वेळी १५० ते २०० मिली, दर दोन तासांनी. दिवसाचं एकूण पाण्यासकट दोन-अडीच लिटर व्हायला हवं. लघवी गडद पिवळी झाली तर कमी पडतंय.

सिरिंज ६० मिलीची, लांब निमुळत्या तोंडाची घ्या आणि तिला ५-६ सेंटिमीटर मऊ नळी लावा. ताठ बसायचं, नळी गालाच्या आतून शेवटच्या दाढेच्या मागे न्यायची, थोडंसं, ५ मिलीच्या आसपास ढकलायचं, गिळायचं, मग पुढचं. घाई केली की ठसका लागतो. काही दिवसांत दट्ट्या घट्ट होतो आणि झटक्याने सुटतो, म्हणून चार-पाच सिरिंज आधीच आणून ठेवा. स्ट्रॉ नको, ओढण्याने टाक्यांवर ताण येतो.

गोळ्या कुटण्याआधी विचारा. पॅन्टोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळीवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. कुटली की ती वाया गेली. पॅरासिटामॉलचं सिरप मिळतं, पण वेगवेगळ्या ताकदीचं, त्यामुळे बाटलीवरचा आकडा वाचून मगच मात्रा ठरवा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. पहिले ४८ तास बर्फ कापडात गुंडाळून २० मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. बधिर कातडीला गारठा कळत नाही, म्हणून बर्फ थेट लावू नका. झोपताना दोन उश्या रात्रीत घसरतात आणि मान धरते. कंबरेपासून वर गादीखाली रजईची घडी घातली तर चढ नीट राहतो.

वरचा जबडा कापला असेल तर नाक शिंकरणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद. काप सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या नाकाला जोडलेल्या पोकळीच्या, भिंतीतून गेलेला असतो. जोराने शिंकरलं की हवा गालाच्या कातडीखाली शिरते. सलाइनचे थेंब घाला आणि येणारं पाणी नुसतं टिपा. थोडंसं काळपट रक्त काही दिवस येतं. लालभडक धार थांबत नसेल, एकच गाल पुन्हा सुजू लागला, ताप चढला किंवा दात अचानक वेगळे बसायला लागले, तर लगेच फोन करा. श्वास अडू लागला तर फोनवर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा.

दात घासायला लहान बाळाचा ब्रश. क्लोरहेक्झिडीन, म्हणजे जंतू मारणारं चूळ भरायचं औषध, डॉक्टर सांगतील तसं. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते पुढे सफाईत निघतात. प्रत्येक खाण्यानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकेच खळखळवा.

रबर कोणत्या हुकावरून कुठे जातं याचा फोटो घरी निघण्याआधीच काढून घ्या. अंदाजाने लावलेलं रबर चाव तिरका ओढतं. वेळ आली तर रबर कापायला छोटी कात्री उशाशी हवी. उलटी आलीच तर पुढे वाका, मान खाली घाला. पोटात पातळच असल्यामुळे ते दातांच्या फटींतून बाहेर येतं. जबडा तारेने बांधला असेल तर वायर कटर ठेवा आणि कोणत्या तारा कापायच्या ते डॉक्टरांकडून घरच्यांनी प्रत्यक्ष बघून घ्यावं.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी रडू येतं. भूक, अपुरी झोप आणि आरशातला अनोळखी चेहरा हे सगळं एकदमच येतं. अशा वेळी भेटायला येणाऱ्यांना घरच्यांनी स्पष्ट नाही म्हणावं. बोलता न येणाऱ्याला प्रश्न विचारत बसणं त्रासाचंच आहे.

चावणं साधारण सहा आठवडे नाही, दुखत नसलं तरी नाही. चावायचे स्नायू ताकदवान असतात. हाड जुळायच्या आत त्यांनी जोर लावला तर स्क्रू सैल होतो. तोंड उघडायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा. आईस्क्रीमच्या सपाट काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये धरा. किती मावल्या ते लिहून ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी एक वाढवा. आपलीच तीन बोटं उभी मावली की उघडणं जवळपास पूर्वीसारखं झालं.