वोकिंगचं रिटर्न तिकीट

"तू नक्की राहतेस कुठे?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "लंडनजवळ." वोकिंग म्हटलं की पुढे सगळा भूगोल समजावत बसावं लागतं. अर्थात मी वाढले डोंबिवलीत, त्यामुळे याची सवय जुनीच. आम्ही गावी गेलो की "मुंबईला असतो" असंच ठोकून द्यायचो. स्वतःचं नाव गिळून शेजारच्या मोठ्या शहराचं नाव सांगायला लावणारी गावं जगात सगळीकडे असणार.

वोकिंग सरे परगण्यात आहे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनपासून सुमारे २४ मैलांवर, फास्ट गाडीने पंचवीसेक मिनिटं. सकाळी सातच्या सुमाराला फलाटावर गेलात तर ठरावीक जागी ठरावीक माणसं उभी दिसतात. गाडी थांबली की दार नेमकं कुठे येतं हे त्यांच्या पायांना माहीत असतं. फलाटाच्या कडेची पिवळी रेघ त्या त्या ठिकाणी बुटांनी झिजली आहे. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की इथे कुणी कुणाशी बोलत नाही. चौथ्या सीटचा तर प्रश्नच नाही. तीन माणसांच्या बाकावर मधली जागा रिकामी असते आणि लोक उभे राहतात, पण "जरा सरका" म्हणत नाहीत. बाबा तीस वर्षं डोंबिवली-व्हीटी पासावर फिरले. त्यांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग त्यांचा ग्रुप कसा जमतो?" जमत नाही, बाबा.

या गावाची गंमत अशी की आधी स्टेशन आलं आणि मग गाव. जुनं वोकिंग वेगळंच, दोन-अडीच किलोमीटरवर वे नदीच्या काठी. त्याची नोंद १०८६ च्या डोम्सडे दप्तरात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या पाहणीत, सापडते. १८३८ च्या मे महिन्यात लंडन-साउदॅम्प्टन रेल्वेचा पहिला टप्पा इथवर आला. रूळ त्या गावाला वळसा घालून माळरानातून गेले आणि झुडपांच्या त्या ओसाड माळावर स्टेशन उभं राहिलं. आजूबाजूला वस्ती म्हणावी अशी नव्हतीच. आज ज्याला आम्ही 'टाउन सेंटर' म्हणतो ते सगळं नंतर त्या फलाटाच्या आधाराने वाढलं, बांबूला वेल चढावा तसं.

पण या माळाकडे लंडनचं लक्ष गेलं ते राहण्यासाठी नाही. १८४८-४९ साली पटकीची मोठी साथ आली आणि लंडनच्या दफनभूमी ओसंडून वाहायला लागल्या. तेव्हा एका कंपनीने तोडगा काढला, की मेलेल्यांना आगगाडीने गावाबाहेर न्यायचं. लंडन नेक्रोपोलिस कंपनी तिचं नाव. १८५२ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, कंपनीने वोकिंगचा दोन हजारांहून जास्त एकर माळ घेतला, आणि १८५४ च्या नोव्हेंबरपासून वॉटर्लूजवळच्या एका खास स्टेशनातून ब्रुकवूडच्या दफनभूमीकडे गाडी सुटायला लागली. ब्रुकवूड म्हणजे वोकिंगच्या पुढचंच स्टेशन.

त्या गाडीला पहिला, दुसरा, तिसरा असे तीन वर्ग होते. मेलेल्यालाही वर्ग होताच. वर धर्मपंथाप्रमाणे वेगळे डबे, आणि दफनभूमीत दोन वेगळी स्टेशनं. एक चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांचं, दुसरं बाकी सगळ्यांचं. तिकिटाचा दरही ठरलेला. तिसऱ्या वर्गात जिवंत माणसाला जाऊन-येऊन दोन शिलिंग आणि शवपेटीला अडीच शिलिंग. जिवंत माणसाला रिटर्न तिकीट, पेटीला सिंगल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले आणि मग जरा गप्प झाले. तिकीट खिडकीवरचा तो कारकून दिवसभर काय म्हणत असेल? "दोन रिटर्न, एक सिंगल"?

कायद्याने हे दर बांधून दिले होते, त्यामुळे पुढे नेहमीच्या गाडीपेक्षा प्रेताच्या गाडीचं रिटर्न स्वस्त पडायला लागलं. जवळपासच्या मैदानांवर जाणारे गोल्फवाले मग दुःखी चेहरे करून त्या गाडीत बसायचे, असं सांगतात. खरं-खोटं करायला मी जाणार नाही. पासाचा दर बघून रोज ज्यांना रडू येतं, त्यांना हे नक्की पटेल.

कंपनीला वाटलं होतं तेवढी प्रेतं काही आली नाहीत. मग उरलेला माळ तुकड्यातुकड्याने विकायला काढला. जमीन स्वस्त आणि गाडीची सोय. लंडनला जे जवळ नको होतं ते एकेक करून इकडे यायला लागलं. आजारी कैद्यांसाठी तुरुंग आला, वेड्यांचं इस्पितळ आलं, म्हाताऱ्या नटनट्यांसाठी आश्रम आला. आणि १८७८ मध्ये चक्क दहनभूमी. आपल्याला त्यात काय विशेष वाटणार, पण इंग्रजांना तेव्हा ती कल्पना सहन होत नव्हती. १८७९ च्या मार्चमध्ये चाचणी म्हणून इथे पहिलं दहन झालं ते एका घोड्याचं! गावकऱ्यांनी एवढा आरडाओरडा केला की गृहमंत्र्यांनी ते काम थांबवलं. पुढे कार्डिफच्या एका खटल्यात कोर्टाने दहन हा गुन्हा नव्हे असं सांगितलं, आणि १८८५ च्या २६ मार्चला जेनेट पिकर्सगिल या बाईंचं दहन झालं. त्या सबंध वर्षात मिळून तीन. दहा वर्षांनी मार्क्सचे सहकारी फ्रेडरिक एंगल्सही इथेच आले. तेही सिंगलवरच.

नटांचा आश्रम चालला नाही. ती इमारत लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात प्राचार्यपद सांभाळलेल्या गॉटलीब लाइटनर यांनी घेतली आणि पौर्वात्य विद्यांची संस्था काढली. शेजारी १८८९ मध्ये एक छोटी, देखणी मशीद बांधली. ब्रिटनमध्ये मशीद म्हणून मुद्दाम बांधलेली ही पहिली. पैसे भोपाळच्या शाहजहान बेगमेचे, म्हणून नाव शाहजहान मशीद. रुळाच्या कडेला, झाडांच्या आडून घुमट डोकावतो. गाडीत मान खाली घालून मोबाइल बघणाऱ्यांपैकी किती जणांना तो दिसतो कोण जाणे.

१८९५ मध्ये विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स स्टेशनजवळच्या मेबरी रोडवर राहायला आले. सायकलवरून सगळा परिसर पालथा घालायचे, आणि फिरता फिरता मंगळवासीयांकडून कुठला भाग उद्ध्वस्त करवायचा हे ठरवायचे. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स'मध्ये परग्रहावरचं पहिलं यान उतरतं ते आमच्या हॉर्सेल कॉमनवर. आज गावात मंगळवासीयांच्या तीन पायांच्या यंत्राचा सात मीटर उंच चकचकीत पुतळा आहे. पण मला त्या कादंबरीतली वेगळीच जागा आवडते. तिकडे माळावर माणसं जळून मरतायत आणि इकडे वोकिंग जंक्शनवर गाड्या नेहमीसारख्या येतायत, जातायत, प्रवासी उतरतायत, वाट बघतायत. या गावाचा स्वभाव त्या माणसाला दीड वर्षात कळला होता.

२०२३ मध्ये आमच्या नगरपालिकेने मंगळवासीयांच्या मदतीशिवाय स्वतःलाच उद्ध्वस्त करून घेतलं. टोलेजंग इमारती बांधायला इतकं कर्ज काढलं की जूनमध्ये खर्च झेपत नाही अशी अधिकृत नोटीसच काढावी लागली. नोटीस निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशीही सातच्या सुमाराला सगळे आपापल्या जागी उभे होते. मीही होते.

मागच्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते. लंडन बघून झालं, तेव्हा बाबा म्हणाले, "तुमच्या गावातलं काही दाखव की." मी त्यांना ब्रुकवूडला नेलं. एक स्टेशन फक्त. मशीनमधून केशरी पट्ट्यांची तिकिटं निघाली, माणशी दोन, जायचं वेगळं आणि यायचं वेगळं. बाबांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हाताने चाचपली, लोकलमध्ये पास चाचपायचे तशी.

दफनभूमीत उंच उंच सेकोयाची झाडं आहेत. त्यांच्या सावलीतून चालत पारशांच्या भागात गेलो. इथे दखमा, म्हणजे पारशी मृतदेह ठेवतात तो मनोरा, नाही, म्हणून कबरी. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत वारले. त्यांना इथे आणलं. पुढे मुलगे रतन आणि दोराबजीही इथेच. बाबा थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग बूट काढून ठेवले आणि हात जोडले.

"हे इथे आहेत हे मला माहीतच नव्हतं," आई म्हणाली.

"म्हणजे मुंबईहून निघाले ते थेट वोकिंगला," बाबा म्हणाले. मग बुटात पाय घालता घालता, "परतीची गाडी कितीची?"

परत वोकिंगला उतरलो. फाटकात बाबांनी तिकीट सरकवलं, दार उघडलं, पण तिकीट काही बाहेर आलं नाही. परतीचं तिकीट ते यंत्र ठेवूनच घेतं. बाबांनी खिशात हात घातला. ब्रुकवूडचं फाटक त्या दिवशी उघडंच होतं, त्यामुळे जायचं तिकीट मात्र तसंच राहिलं होतं.

"हे बघ," ते आईला दाखवत म्हणाले, "माझ्याकडे आता फक्त सिंगल उरलं."

आईने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.