तांदळात लिहिलेले नाव आणि आय-९ चा फॉर्म

माझ्या लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून ठेवले होते आणि नवऱ्याने अंगठीने त्यांत माझे नवे नाव लिहिले होते. ते नाव एक दिवसच टिकले, कारण दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला आणि घरातले सगळे मला पुन्हा जुन्याच नावाने हाक मारू लागले. आडनाव मात्र बदलले, ते पासपोर्टावर चढले आणि २००९ मध्ये माझ्याबरोबर अमेरिकेत आले. नावाच्या या फेरफारीचा पुढे माझ्या पोटापाण्याशी संबंध येईल, असे तेव्हा वाटले नव्हते. आज न्यू जर्सीतल्या एका चाळीस-एक माणसांच्या कंपनीत ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे आहे आणि नव्या माणसाला अमेरिकेत काम करण्याची परवानगी आहे की नाही, याची खातरजमा करण्याचे कायद्याने कंपनीवर टाकलेले काम प्रत्यक्षात माझ्या टेबलावर होते.

ही जबाबदारी फार जुनी नाही. १९५२ च्या कायद्याने बेकायदा राहणाऱ्याला आसरा देणे हा गुन्हा ठरवला होता, पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पुस्तीही त्यातच जोडली होती. ही पुस्ती टेक्सासातल्या शेतमालकांच्या सोयीची होती आणि तिला टेक्सासचेच नाव पडले. म्हणजे सापडला तर मजूर दोषी आणि त्याच्या घामावर पीक काढणारा नामानिराळा, अशी व्यवस्था चौतीस वर्षे चालली. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने ती बदलली. त्याच कायद्यान्वये सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले आणि त्याच्या बदल्यात, यापुढे परवानगी नसलेल्या माणसाला जाणूनबुजून कामावर घेणारा मालक शिक्षेस पात्र ठरेल, असे ठरले. कामाच्या परवानगीची खातरजमा करण्याचा आय-९ हा फॉर्म तेव्हापासूनचा आहे. त्या तारखेनंतर नोकरीला लागलेल्या प्रत्येकासाठी तो भरावा लागतो, मग तो माणूस इथेच जन्मलेला आणि सात पिढ्यांचा अमेरिकन का असेना.

फॉर्मचा पहिला भाग नव्या माणसाने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत स्वतः भरायचा असतो आणि दुसरा भाग मी त्याची मूळ कागदपत्रे पाहून कामाच्या तीन दिवसांच्या आत भरायचा असतो. दिसायला ही दोन-चार चौकटींची गोष्ट आहे, पण प्रत्येक चौकटीत आपल्या माणसांना ठेच लागते. पहिल्या भागात चार पर्याय आहेत आणि त्यांतला दुसरा ‘नॉनसिटिझन नॅशनल’ हा आहे. तो मुख्यतः अमेरिकन समोआ या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांवर जन्मलेल्या लोकांसाठी आहे, परंतु पुण्याहून शिकायला आलेल्या एका मुलाने मोठ्या आत्मविश्वासाने त्यावर खूण केली. त्याचा युक्तिवाद असा की तो इथला सिटिझन नाही आणि भारताचा नॅशनल आहे, म्हणजे दोन्ही शब्द त्याला लागू पडतात. भाषेच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नव्हते! मी त्याला ती खूण खोडून, शेजारी आद्याक्षरे आणि तारीख घालून पुन्हा भरायला लावले, कारण पहिल्या भागातली चूक मालकाने स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची नसते. सुदैवाने त्याने पहिल्या चौकटीत खूण केली नव्हती. नागरिक नसताना नागरिक असल्याचे या फॉर्मवर लिहून दिले, तर पुढे ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते आणि हे आधी सांगणारे कोणी नसते.

तारखांचेही तसेच आहे. आपण दिवस आधी लिहितो आणि इथे महिना आधी, त्यामुळे ५ जुलैला जन्मलेला माणूस ०५/०७ असे लिहून कागदोपत्री ७ मे रोजी पुन्हा जन्म घेतो.

दुसऱ्या भागासाठी कागदांच्या तीन याद्या आहेत. पहिल्या यादीतला एकच कागद, म्हणजे अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी हे कामाच्या परवानगीचे कार्ड किंवा आपला पासपोर्ट आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा दाखवणारा आय-९४ हा प्रवेशाचा दाखला, ओळख आणि परवानगी या दोन्हींसाठी पुरतो. तो नसेल तर दुसऱ्या यादीतला ओळखीचा आणि तिसऱ्या यादीतला परवानगीचा असे दोन कागद लागतात. कोणता कागद दाखवायचा हे कामगाराने ठरवायचे असते आणि मालकाने अमुकच आण असे म्हणणे हा भेदभाव ठरतो. मला हे २०१५ मध्ये ठाऊक नव्हते. त्या वर्षी २६ मेपासून एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, काही जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली, माझेही कार्ड आले आणि सहा वर्षे घरी काढल्यावर मी पहिल्या नोकरीवर गेले. तिथल्या बाईंनी ईएडी पाहिले, उलटसुलट केले आणि सोशल सिक्युरिटी कार्डही हवे असे सांगितले. मी ते काढून दिल्यावर, त्यावर ‘व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथरायझेशन’, म्हणजे गृहसुरक्षा खात्याची परवानगी असेल तरच कामासाठी वैध, असे छापलेले आहे म्हणून ते चालणार नाही, असेही त्यांनीच सांगितले. मागायला नको तो कागद त्यांनी मागितला आणि मग तोच नाकारला. त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते, त्यांना फक्त दंडाची भीती होती.

ती भीती आज मला कळते. तपासणीची नोटीस आली की कंपनीला कमीत कमी तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढ्यात सगळे फॉर्म काढून द्यावे लागतात आणि केवळ कागद चुकीचा भरल्याबद्दल २०२५ च्या दरांनुसार एका फॉर्ममागे २८८ ते २,८६१ डॉलर दंड होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला, कागद पाहताना फार चौकस झालात तर भेदभावाची तक्रार होऊ शकते. कायदा म्हणतो की कागद वाजवी नजरेला खरा दिसला पाहिजे आणि तो माणसाशी जुळता वाटला पाहिजे. वाजवी नजर म्हणजे कोणाची नजर, हे ज्याने वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ऑफिस सांभाळले आहे त्याने ठरवायचे.

याच अडचणीवर तोडगा म्हणून संगणकावरची पडताळणी आली. १९९७ मध्ये ती पाच राज्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि २००७ मध्ये तिचे नाव ई-व्हेरिफाय झाले. आय-९ वरची माहिती तिच्यात भरली की सोशल सिक्युरिटीच्या आणि गृहसुरक्षा खात्याच्या नोंदींशी ती ताडून पाहिली जाते आणि बहुतेकांचे उत्तर काही क्षणांत येते. केंद्र सरकारच्या बऱ्याच कंत्राटदारांना ती सप्टेंबर २००९ पासून सक्तीची आहे. ॲरिझोनाने २००८ पासून सगळ्याच मालकांवर तिची सक्ती केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा वैध ठरवला. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी कंपन्यांना ती सक्तीची झाली. न्यू जर्सीत सरसकट सक्ती नाही. आमच्या कंपनीने नाव नोंदवले ते एका विद्यार्थ्यासाठी, कारण विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीची, २४ महिन्यांची वाढ हवी असेल तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये असावी लागते. भारतीय मुलांना घेणाऱ्या कितीतरी लहान कंपन्या अशाच, एका मुलापायी, या व्यवस्थेत शिरल्या आहेत.

गेल्या वसंतात आमच्याकडे नाशिकची एक मुलगी लागली. ती विद्यार्थिनी म्हणून आली होती, तेव्हाच तिला माहेरच्या नावाने सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला होता. पुढे एच-१बीच्या सोडतीत नाव निघाले नाही, लग्न झाले, पासपोर्ट नव्या नावाने झाला आणि एच-४ चे ईएडी त्याच नव्या नावाने आले. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही, मधले वडिलांचे नाव जाऊन तिथे नवऱ्याचे येते. आणि भारतीय पासपोर्टात पहिले व मधले नाव एकाच ओळीत छापत असल्यामुळे अमेरिकन संगणकाला ते सलग पहिले नाव वाटते. म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या दप्तरी तिचे जे नाव होते, त्यातला हाक मारण्यापुरता शब्द तेवढा ईएडीवर शिल्लक होता. आय-९ वर ‘पूर्वी वापरलेली आडनावे’ असा रकाना आहे, तो तिने मोकळा सोडला होता, आणि मीही तो मोकळा राहू दिला, हे इथे कबूल केले पाहिजे. पडद्यावर ‘मिसमॅच’ आले.

नियमाप्रमाणे मी तिला एकटीला आत बोलावले, दार लावले आणि नोटिशीचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो उभ्यानेच वाचला आणि विचारले, “ताई, म्हणजे मी आजपासून यायचे नाही का?” मी सांगितले की यायचे, रोजच्यासारखे यायचे, कारण प्रकरण चालू असेपर्यंत तिला काढता येत नाही, पगार थांबवता येत नाही आणि प्रशिक्षणही पुढे ढकलता येत नाही. प्रकरण पुढे पाठवल्यापासून तिच्या हातात सरकारी कामकाजाचे आठ दिवस होते. हे नियम चांगले आहेत, पण ते सांगायला समोर मराठी बाई होती, हा तिच्या नशिबाचा भाग झाला. ज्या कामगाराला ती नोटीस धड वाचता येत नाही आणि ज्याचा मुकादम तो कागद हातात न देताच उद्यापासून येऊ नकोस म्हणतो, त्याच्यापर्यंत हे आठ दिवस पोहोचतच नाहीत.

जिची परवानगी पुरेपूर खरी होती, तिचे नाव अडकले. याउलट जो दुसऱ्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या क्रमांकाने येतो, त्याचे सगळे रकाने जुळतात. डिसेंबर २००६ मध्ये स्विफ्ट या मांसप्रक्रिया कंपनीच्या सहा कारखान्यांवर धाडी पडून सुमारे १,३०० कामगार पकडले गेले, तेव्हा ती कंपनी हीच पडताळणी, तिच्या प्रायोगिक रूपात, वापरत होती. त्यांतल्या अनेकांनी जिवंत अमेरिकनांची ओळख उसनी घेतली होती. सरकारनेच करवून घेतलेल्या मूल्यमापनाच्या डिसेंबर २००९ च्या अहवालात, ई-व्हेरिफायमधून गेलेल्या बिनपरवाना कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जण सहीसलामत पार झाल्याचा अंदाज आहे. पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि ईएडी यांवरचे फोटो आता ताडता येतात, पण ड्रायव्हिंग लायसनचा फोटो ही व्यवस्था मालकाला दाखवत नाही, त्यामुळे त्या वाटेने आलेली उसनी ओळख अजूनही खपून जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी असे मी म्हणणार नाही, कारण उसन्या नावाने रात्रपाळीत मांस कापणाऱ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ही व्यवस्था माणूस ओळखत नाही, ती अक्षरे जुळवते, एवढे निश्चित.

म्हणून देशभर सक्ती करावी का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर सरळ हो किंवा नाही असे नाही. सक्तीचे कलम २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात होते, २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या विधेयकातही होते आणि दोन्ही वेळा ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. शेतात पीक काढणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडे परवानगी नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यांच्याशिवाय स्ट्रॉबेरी कोण तोडणार, याचे उत्तर सक्ती मागणाऱ्यांकडेही नाही. शिवाय आय-९ फक्त नोकरांसाठी आहे. स्वतंत्र ठेकेदार म्हणून घेतलेल्या माणसाचा तो भरावा लागत नाही, त्यामुळे सक्ती कडक झाली की माणसे कमी होण्याऐवजी ठेकेदार वाढण्याचीच शक्यता जास्त. मालकाने पडताळणी करावी हे तत्त्व मला मान्य आहे, कारण १९८६ पूर्वीची नामानिराळ्या मालकांची व्यवस्था अधिक अन्यायाची होती. पण सरकारी नोंदी निस्तरण्यासाठी होणारा वेळ आणि बुडणारा पगार आज कामगार सोसतो. तो सरकारने सोसायची तयारी दाखवल्याशिवाय सक्ती आणू नये, असे माझे मत आहे.

माझे हे मत २०२१ च्या उन्हाळ्यात पक्के झाले. मुदत संपणाऱ्या ईएडीवाल्यांची पुन्हा तपासणी करावी लागते आणि नवे कार्ड आले नसेल तर काम थांबवावे लागते. माझा नूतनीकरणाचा अर्ज महिनोन्‌महिने पडून होता आणि कार्ड संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी अकरा आठवडे बिनपगारी घरी होते. त्या नोव्हेंबरपासून एच-४ वाल्यांना मुदतीची आपोआप वाढ मिळू लागली, मला पुढच्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाले आणि तो विषय माझ्यापुरता संपला. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या बहुतेक अर्जांना ती आपोआप वाढ बंद झाली आहे, त्यामुळे माझ्या कॅलेंडरात आता तीन सहकाऱ्यांच्या कार्डांच्या तारखा लाल शाईने लिहिलेल्या आहेत.

नाशिकची मुलगी वेळ घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात गेली. पहिल्या खेपेला तिने विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र घरी विसरले होते, दुसऱ्या खेपेला ते, जुना पासपोर्ट आणि नवा पासपोर्ट असे सगळे नेले. सहाव्या दिवशी पडद्यावर ‘एम्प्लॉयमेंट ऑथराइज्ड’ अशी अक्षरे आली. मी ते पान छापून तिच्या आय-९ ला जोडले आणि फाइल कपाटात ठेवली. त्या दोन खेपांसाठी तिचे दोन अर्धे दिवस गेले होते. त्यांचा पगार द्यायचा की कापायचा, याबद्दल आमच्या नियमपुस्तकात काही लिहिलेले नाही. हजेरीपत्रकात मी दोन्ही दिवस पूर्ण भरले.