गुराब, गलबत आणि आरमार

मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, जहाजं किती होती? खरं तर गुराबा, म्हणजे तोफांची मोठी लढाऊ जहाजं, किती आणि गलबतं, म्हणजे वल्ह्यांची छोटी जहाजं, किती, असं विचारायला हवं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या ग्रंथात, प्रमाणच बांधून दिलंय: पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी.

अठराव्या शतकातली, मराठा आरमाराचे सरदार असलेल्या आंग्र्यांची गुराब साधारण दीडशे ते तीनशे टनांची. डोलकाठ्या दोन, मोठी असेल तर तीन. लांबीच्या मानाने रुंद आणि तळाला उथळ, त्यामुळे खाडीत आतपर्यंत शिरायची. तिची खुबी मात्र नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, आहे. ही नाळ लांब, पुढे झेपावलेली आणि दोन्ही बाजूंनी उघडी. कठडा मुद्दामच नाही, कारण गुराब लाटेत नाक खुपसते तेव्हा वर चढलेलं पाणी अडून न राहता वाहून जायला हवं. नाळेच्या मागे आडवी फळी, तिला भोकं पाडलेली, आणि त्यांतून समोर रोखलेल्या नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा.

तोफा समोर का? उत्तर गलबतात आहे. गलबत जेमतेम सत्तर टनांपर्यंतचं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की युरोपियन जहाज जागच्या जागी उभं राहायचं. गलबत तेव्हाही तासाला चार मैल कापायचं. मग गलबतं दोर लावून गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची. त्या जहाजाच्या बहुतेक तोफा कुशीला, म्हणजे दोन्ही बाजूंना, त्या मागे वळत नाहीत. गुराबा डोलकाठ्यांवर मारा करायच्या. जहाज लुळं पडलं की गलबतांतली माणसं चारी बाजूंनी वर चढायची.

हे सगळं किनाऱ्यालगत, मंद वाऱ्यात. भर समुद्रात जोराचा वारा असला की वल्ह्यांचा फायदा संपतो आणि कुशीच्या जड तोफा भारी पडतात.

आज्ञापत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तोफांची नाही, पगाराची आहे. आरमाराचा तनखा (पगार) मुलखातून नेमून द्यावा, समुद्रावरच्या पैदाशीवर, म्हणजे मिळकतीवर, सोडू नये. नाहीतर सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, उपद्रव होतो आणि बंदरं ओस पडतात. व्यापार बुडाला तर आरमार पोसणार कोण, हे त्यात नेमकं ओळखलंय.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याजवळ एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या. त्यांची चाल, त्यांना ओढणारी गलबतं, उथळ तळ, यातलं काहीच तिथे कामी येणार नव्हतं. इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं, आणि आग एकीवरून दुसरीवर जात सगळ्या गुराबा जळाल्या. पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूने जमिनीवर उभी होती.