भैरू आणि युरिक ॲसिड: पावसाळ्याच्या नोंदी

मे अखेर

नव्यांसाठी थोडक्यात: भैरू म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा, नर, पाचव्या वर्षात. जात येमेन-सौदीकडची, हा मात्र पिंजऱ्यातच पैदास झालेला, परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद असलेला. आपल्या रानातला देशी शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरी ठेवायचा प्रश्नच येत नाही. दर वेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मागच्या डाव्या पायाचा घोटा सुजलाय. फांदी धरताना बोटं पूर्ण मिटत नाहीत. वजन १४८ ग्रॅमवरून १३९ वर आलं. विष्ठेतला पांढरा भाग, म्हणजे युरेट, नारिंगीकडे झुकलाय. आणि भर दुपारी डोळे मिटून बसतो. आई म्हणाली, "उकाड्याने पेंगतोय बिचारा." पण दिवसाउजेडी डोळे मिटलेला शॅमेलिऑन पेंगत नसतो, तो आजारी असतो.

जून, पहिला आठवडा

सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर मुंबईत मोजकेच, आणि आमचे शहराच्या त्या टोकाला. मुलुंडहून सायनपर्यंत रिक्षा, पुढे रिक्षा चालत नाही म्हणून टॅक्सी. भैरू झाकणाच्या जाळीदार टोपलीत, आत आडवी काठी घट्ट बांधलेली, वरून गडद कापड. अंधारात तो शांत राहतो. लोकलच्या गर्दीत नेऊ नका, धक्क्यांपेक्षा माणसांच्या नजरा त्याला जास्त छळतात.

शेपटीच्या शिरेतून रक्त घेतलं. युरिक ॲसिड भरपूर वाढलेलं, फॉस्फरस कॅल्शियमच्या वर. मूत्रपिंडं थकलीत आणि सांध्यात गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, आहे. सरडे नायट्रोजनचा कचरा युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात, पाणी वाचवायची ती सोय. मूत्रपिंड मागे पडलं की त्याचे स्फटिक सांध्यांत आणि आतल्या अवयवांवर साचतात. वाईट गोष्ट अशी की रक्तातला आकडा वाढलेला दिसतो तोवर मूत्रपिंडाचा बराच भाग गेलेला असतो.

औषध ॲलोप्युरिनॉल. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "ही तर माझीच गोळी!" खरंच तीच. आता फ्रिजच्या दारात दोघांची औषधं शेजारी, बाबांचं पाकीट आणि भैरूची पातळ करून बनवून घेतलेली बाटली. बाबांची गोळी घरी कुटून द्यायचा विचार कुणी करू नये, दीडशे ग्रॅमच्या जीवाचा डोस गोळीच्या तुकड्यावर मोजता येत नाही. सोबत त्वचेखाली द्रव आणि वेदनेचं औषध. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मुद्दाम टाळलं, कारण मूत्रपिंड बिघडलेलं असताना ते जपूनच द्यावं लागतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: औषधाने नवं युरिक ॲसिड कमी बनेल, गेलेलं मूत्रपिंड परत येणार नाही. म्हणजे हा बरा होणार नाही, त्याला नीट ठेवायचंय. मला हे ऐकून उलट बरं वाटलं. काय करायचं ते कळलं.

जून ते जुलै: पिंजरा

उभ्या फांद्या काढल्या, आडव्या वाढवल्या, सगळ्यांवर सुती दोर गुंडाळला. सगळ्यात वरची फांदी खाली आणली, तळाला टॉवेल. ऊन-दिव्याखाली २९ अंश तसंच ठेवलं, कारण अंग तापलं नाही तर पचन नाही आणि औषधही नीट चालत नाही. यूव्हीबी नळी (अतिनील किरणांचा दिवा) आणि फांदी यांच्यातलं अंतर पुन्हा मोजलं. (खिडकीतल्या उन्हावर विसंबू नका, काच यूव्हीबी अडवते.)

पाणी हा खरा विषय. मुंबईची हवा पावसाळ्यात ऐंशी-नव्वद टक्के दमट, म्हणून शॅमेलिऑनला पाणी कमी लागतं असा समज फार पसरलाय. हवेतली वाफ पिता येत नाही. त्याला पानांवर थेंब दिसले पाहिजेत. मी केमिस्टकडचा सलाईनचा सेट वापरतो, बाटली वर टांगलेली, चाकाने थेंब जुळवायचे, खाली मनी प्लांट आणि जास्वंद. आता सकाळ-संध्याकाळ बराच वेळ ठिबकतं. पण दुपारी सगळं कोरडं झालंच पाहिजे, नाहीतर रात्रीही न उतरणाऱ्या या उकाड्यात श्वसनाचा संसर्ग ठरलेला. चारही बाजूंना जाळी आणि रात्री खोलीत २४ वर एसी. वीजबिलावर आई बोलत नाही, फक्त ते टेबलावर उघडं ठेवते.

खाण्यात झुरळवर्गातले किडे आणि सुपरवर्म बंद. रेशमाच्या अळ्या, कारण त्या मऊ आणि रसदार, आणि अधूनमधून ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. जास्वंदीची पानं तो स्वतःच कुरतडतो.

सोसायटीचा पेस्ट कंट्रोल मधेच आला. पिंजऱ्यासकट मावशीकडे भांडुपला मुक्काम.

जुलै अखेर

वाईट आठवडा. खाणं बंद, १३१ ग्रॅम. सिरिंजने भरवायला हात शिवशिवत होते. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी, मग अन्न. कोरड्या शरीरात प्रथिनं ढकलली तर युरिक ॲसिडच वाढतं. शिवाय प्रत्येक वेळी तोंड उघडवणं म्हणजे त्याच्यासाठी शिकाऱ्याच्या पंजात सापडणं. काही न करता बसणं हे या आजारातलं सगळ्यात अवघड काम आहे, माझ्या मते औषध देण्यापेक्षाही.

सगळे रंगाबद्दल विचारतात. रंगावर मी विश्वास ठेवत नाही, थंडी वाजली तरी तो काळवंडतो, राग आला तरी. मी तीनच गोष्टी लिहितो: वजन, युरेटचा रंग, आणि रात्री टॉर्च मारल्यावर तो कितव्या फांदीवर झोपलाय. त्या आठवड्यात तो टॉवेलवर झोपला.

सप्टेंबर, गणपतीनंतर

ढोलताशाच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत होता. वजन १३६ वर टिकलंय. युरेट पांढरं, कडेला थोडं पिवळं. घोट्याची सूज कमी, पण बोटं अजून वाकडी. किडा टिपायला जीभ नीट सुटते, दुसऱ्या फांदीवरून. झोपतो मधल्या फांदीवर.

डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलून घेतलं, तो ठणठणीत वाटत असतानाच. पाणी प्यायचं थांबला, फांदी धरता येईना आणि वेदनेच्या औषधानेही डोळे उघडेनात, तर भूल देऊन शांतपणे. सांभाळलेले नर साधारण पाच ते आठ वर्षं जगतात, त्यामुळे हा हिशेब आज ना उद्या करायचाच होता. अशा प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांनुसार मृत्यूही पोर्टलवर कळवावा लागतो, ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांनी लक्षात ठेवा.

पुढचं रक्त दसऱ्यानंतर. तुतीवरच्या रेशमाच्या अळ्या मुंबईत किंवा ठाण्यात कुणाला नियमित मिळत असतील तर कळवा. माझ्या कर्नाटकातून येतात आणि पावसात अर्धं पार्सल मेलेलंच निघतं.