आधी हातमोजा दाखवा

गोल्फच्या सरावाच्या रेंजवर कुणी "माझा स्विंग जरा बघ ना" म्हणालं, की मी आधी त्याचा हातमोजा मागतो. तळव्यावर, करंगळीखालच्या मांसल भागापाशी मोजा झिजून भोक पडलं असेल तर निम्मं निदान तिथंच होतं. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बोटांत नाही, तळव्यात धरलाय आणि प्रत्येक फटक्याला तो घसरतोय.

आमच्या गटातल्या एका काकांचा मोजा अगदी असाच होता. तक्रारही नेहमीचीच: बॉल डावीकडे निघतो आणि मग उजवीकडे पळतो, म्हणजेच स्लाइस. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) त्यावर काकांनी स्वतःच उपाय शोधला होता, आणखी डावीकडे तोंड करून उभं राहायचं. स्लाइसवर याहून वाईट औषध नाही. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा पृष्ठभाग, ठरवतो. पुढे तो किती वळणार हे क्लबचा मार्ग आणि फेस यांच्यातल्या फरकावर ठरतं. तुम्ही डावीकडे वळून उभे राहिलात की मार्गही डावीकडे जातो, फेस मात्र त्या मार्गाच्या मानाने उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो. फरक वाढला, स्लाइसही वाढला.

"काका, मूठ बदलू या," म्हटलं. डाव्या हातात क्लब बोटांच्या मुळाशी तिरका ठेवायचा, मग मूठ मिटायची. वरून पाहिलं की डाव्या हाताचे दोन-तीन नकल्स (बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे) दिसले पाहिजेत. अंगठा आणि तर्जनीमधला 'व्ही' उजव्या खांद्याकडे रोखलेला हवा. काकांना एकच नकल दिसत होता. नवी मूठ हाताला परकी वाटते, वाटणारच.

त्यानंतरचे बॉल सरळ गेले, पण सरळ डावीकडे. काका वैतागले, मी खूश! फेस आता मार्गाशी जुळला होता, म्हणजे उरला फक्त मार्ग. बहुतेक लोक इथेच घाबरून जुन्या मुठीवर परत येतात.

मार्ग बिघडतो तो क्लब खाली आणताना खांदे आधी फिरतात म्हणून. क्लब बाहेरून येऊन बॉलला आडवा कापतो. यासाठी हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावर घालायचं आवरण) बॉलच्या थोडं मागे आणि पलीकडच्या बाजूला ठेवा. क्लब वरून आडवा आला की ते उडतं, कुणी सांगायची गरजच नाही. वजन डाव्या पायावर आधी, हात नंतर. सुरुवातीला अर्ध्या स्विंगनेच मारा.

आता त्या सनातन सल्ल्याविषयी: "डोकं खाली ठेव." माझ्या मते यानं जेवढे स्विंग बिघडवलेत तेवढे दुसऱ्या कशानंच नाहीत. हनुवटी छातीत रुतली की डाव्या खांद्याला तिच्याखालून फिरायला जागा उरत नाही आणि वजन मागच्या पायावर अडकतं. ॲनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुव्हाल या नामांकित व्यावसायिक गोल्फपटूंचं डोकं तर क्लब बॉलला लागायच्या आधीच लक्ष्याकडे वळू लागायचं. दोघांनीही अधिकृत स्पर्धेत 18 होलची फेरी अवघ्या 59 फटक्यांत संपवली आहे, डुव्हालने 1999 मध्ये, सोरेनस्टॅमने 2001 मध्ये. बॉलच्या डोक्यावर क्लब लागतो तो सहसा शरीर वर उचललं गेल्यामुळे किंवा हात आखडल्यामुळे; नजर हलणं हा बहुतेक वेळा त्याचा परिणाम असतो.

आयर्नने, म्हणजे जमिनीवरचा बॉल मारायच्या धातूच्या क्लबने, बॉलच्या आधी जमीन लागत असेल तर बॉल 'उचलायचा' प्रयत्न सोडा. उचलायला क्लबचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, आहे. गवतावर एक रेघ ओढा, बॉल न ठेवता स्विंग करा आणि माती कुठे उडते ते पाहा. ती रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उडायला हवी. ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्यासाठीच्या सर्वांत लांब क्लबला, हे लागू नाही. तिथे बॉल डाव्या टाचेच्या रेषेत ठेवून किंचित वर जाताना मारायचा.

व्हिडिओ काढणार असाल तर मोबाइल हातांच्या उंचीवर ठेवा, एकदा समोरून आणि एकदा मागून, लक्ष्याच्या रेषेला समांतर. कॅमेरा जरा तिरका झाला की चांगला मार्गही वाकडा दिसतो आणि नसलेली चूक दुरुस्त करण्यात आठवडे जातात.