आमची वाटचाल : कापसाच्या मुलखात मित्रबुरशीचा कारखाना

किडींना मारणारी मित्रबुरशी तयार करणारा वर्धा जिल्ह्यातील आमचा हा छोटा कारखाना उभा राहिला तो कपाशीसाठी. पण परिसरात जरबेरा आणि गुलाबाची पॉलिहाऊस आली, तसा आमचा अधिक वेळ या मोजक्या फूल उत्पादकांकडे जाऊ लागला. कपाशीच्या पानावर थोडी कीड खपून जाते, परंतु जरबेऱ्याच्या पाकळीवर फुलकिड्यांचा एक चट्टा दिसला, तरी नागपूरच्या बाजारात ते फूल बाजूला काढले जाते.

भंडाऱ्याकडची तांदळाची कणी अर्धवट शिजवून, पिशव्यांत भरून, १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केली जाते आणि मग तिच्यावर बिव्हेरिया किंवा मेटारायझियम ही मित्रबुरशी वाढवली जाते. काही दिवसांत बिव्हेरियाचा प्रत्येक दाणा पांढऱ्या, तर मेटारायझियमचा हिरव्या भुकटीने माखतो. तयार भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत बीजाणू (बुरशीची सूक्ष्म बीजे) असल्याखेरीज आम्ही माल बाहेर पाठवत नाही.

विक्रीपेक्षा अवघड ठरले ते समजावणे. बीजाणू किडीच्या अंगाला चिकटून रुजतो, विकरांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तिची त्वचा भेदून आत वाढतो, आणि यात काही दिवस जातात. रासायनिक औषधाची सवय झालेल्या माणसाला मात्र सकाळी मेलेली कीड पाहायची असते. अशा वेळी आम्ही आठवड्याने पुन्हा जाऊन पान उलटून दाखवतो. कापसासारख्या बुरशीने मढलेली पांढऱ्या माशीची पिल्ले पाहिली की वाद उरत नाही. भुरी या बुरशीजन्य रोगावरचे बुरशीनाशक फवारणीच्या याच टाकीत मिसळू नका, हे तर दर खेपेला सांगावे लागते.

टाल्क या खनिज पुडीत मिसळलेल्या भुकटीचे पांढरे डाग पाकळ्यांवर राहतात, अशी तक्रार रास्त होती. म्हणून फुलांसाठी आम्ही तेलातील द्रवरूप उत्पादन काढले. फवारणी सायंकाळी, कळीला रंग येण्यापूर्वी, पडदे पाडून आणि रात्रभर आर्द्रता टिकेल अशा बेताने करावी लागते.

पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा हे जमत नाही, त्यामुळे मृग लागेपर्यंत पानांवरील फवारणीसाठी आम्ही माल देतच नाही, मग गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल. फुलकिडे कोषावस्थेसाठी बहुधा मातीत उतरतात. म्हणून मृगापर्यंतच्या या काळात ओलसर वाफ्यांवर मेटारायझियमची आळवणी (द्रावण मातीत ओतणे) सुरू असते, आणि उन्हाळ्यातला आमचा धंदा प्रामुख्याने तिच्यावरच चालतो.