तुम्ही विचारलंत म्हणून: युरो की कोपा?

फुटबॉल बघते असं कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात. वर्ल्ड कप बाजूला ठेव, बाकीच्यांत भारी कोण, युरो की कोपा? विचारणाऱ्याच्या डोक्यात ही दोनच नावं असतात, युरोपच्या देशांचा युरो आणि दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका, त्यामुळे मी आफ्कॉन, म्हणजे आफ्रिका कप ऑफ नेशन्स, असं म्हटलं की समोरचा बघतच राहतो आणि मग म्हणतो, अगं पण तिथली लेव्हल...

लेव्हलचं मान्य आहे. पासिंग, डिफेन्सची शिस्त, बेंचवर बसलेले खेळाडू, यात युरोच्या जवळपास कुणी नाही आणि त्यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही. पण मी स्पर्धा बघायला बसते तेव्हा एक वेगळीच गोष्ट शोधत असते. हा कप उचलणं हे त्यातल्या किती टीम्सच्या दृष्टीने सगळ्यात मोठं स्वप्न आहे? वर्ल्ड कप आजवर आठच देशांनी जिंकलाय आणि ते सगळे युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले. आफ्रिकेतली पहिली टीम सेमीफायनलला पोचली ती थेट २०२२ मध्ये, मोरोक्को, आणि आशियातून आजवर फक्त दक्षिण कोरिया, २००२ मध्ये. फ्रान्स किंवा ब्राझीलला खंडाचा कप हवाच असतो, जीव तोडून खेळतातही, पण हरले तर दोन वर्षांनी त्याहून मोठं काहीतरी जिंकायची खरीखुरी आशा असते. माली, झांबिया, जॉर्डन यांच्यासाठी खंडाचा कप हेच शिखर आहे. त्यांच्या मॅचचा पहिला टॅकल बघा, त्यातच कळतं.

आता युरो. १९९६ ते २०१२ पर्यंतचा १६ टीम्सचा युरो माझ्या मते फॉरमॅट म्हणून सगळ्यात सुंदर होता, वर्ल्ड कपपेक्षाही. चार ग्रुप, प्रत्येकातून दोन पुढे आणि दोन घरी, कसला हिशोब नाही की काही नाही. २००० ला पोर्तुगाल, रोमानिया, इंग्लंड, जर्मनी एका ग्रुपमध्ये आले आणि इंग्लंड आणि जर्मनी दोघंही घरी गेले. त्याच वर्षी स्पेन शेवटच्या ग्रुप मॅचमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध २-३ मागे होता, ९० मिनिटं संपलेली, बाहेर जाणार हे जवळपास नक्की, आणि इंज्युरी टाइममध्ये आधी मेंडिएटाची पेनल्टी आणि मग अगदी शेवटच्या क्षणी अल्फोन्सोचा गोल, ४-३. तिकडे दुसऱ्या मैदानात नॉर्वेची मॅच ०-० संपली होती आणि तेवढ्यावर ते पुढे जाणार होते, अल्फोन्सोच्या त्या एका गोलने ते बाहेर. अशा गोष्टी घडायच्या कारण प्रत्येक मॅचला किंमत होती.

२०१६ पासून २४ टीम्स झाल्या आणि तिसऱ्या नंबरवाल्यांतल्याही चार पुढे जायला लागल्या. म्हणजे ३६ मॅच खेळायच्या आणि त्यातून फक्त ८ टीम्स घरी पाठवायच्या. पहिल्याच वेळी पोर्तुगालने ग्रुपमधल्या तिन्ही मॅच ड्रॉ केल्या, तिसरे आले आणि शेवटी कप घेऊन गेले. नियमात बसतं ते, त्यांची काहीच चूक नाही, पण पहिले दहा दिवस पाणचट झाले हे खरं. त्याच वाढीव जागांमुळे जॉर्जियासारखी टीम २०२४ ला पहिल्यांदा आली आणि पोर्तुगालला २-० हरवून गेली, क्वारात्स्खेलियाचा गोल तर दुसऱ्याच मिनिटाला, तेव्हा २४ चा नियम सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. आणि त्याच वर्षी स्पेनच्या यमालने सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध लांबून मारलेला तो गोल, वयाच्या १६ व्या वर्षी, तसा दर्जा बघायचा तर युरोच बघायला हवा.

कोपाचं आकर्षण अगदी निराळं आहे. १९१६ पासून चालत आलेली स्पर्धा, आज चालू असलेल्या खंडीय स्पर्धांत सगळ्यात जुनी, आणि मूळ सदस्य फक्त दहा. हे दहा जण वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमध्ये पण एकमेकांशी होम-अवे खेळत असतात, १८-१८ मॅच, त्यामुळे कोणी कुठल्या खेळाडूला कधी लाथ घातली होती हे सगळ्यांच्या लक्षात असतं. कोपाची मॅच ही भाऊबंदकीतली मॅच आहे, त्यात जुने हिशोब असतात. कधी ते फारच वर येतात, २०२४ च्या सेमीफायनलला कोलंबियाने उरुग्वेला हरवलं आणि मॅच संपल्यावर उरुग्वेचे खेळाडू स्टँडमध्ये चढून फॅन्सशी मारामारी करत होते, ते बघवलं नाही.

पण कोपाचं दुखणं असं की ती फार वेळा होते. २०१५, २०१६, २०१९, २०२१, २०२४, दहा वर्षांत पाच वेळा. कधी शतकमहोत्सव म्हणून जास्तीची एक, कधी युरोच्या वर्षाशी जुळवायचं म्हणून. त्यात दहाच टीम्स असल्यामुळे पाहुणे बोलवावे लागतात, जपान, कतारसुद्धा येऊन गेलेत. २०२४ ला तर अमेरिकेतल्या मोठमोठ्या स्टेडियममध्ये कृत्रिम टर्फवर तात्पुरतं गवत अंथरून मॅच खेळवल्या आणि कोच लोक उघड नाराजी व्यक्त करत होते. तरीही २०२१ ची फायनल मी कुठल्याही युरो फायनलच्या वर ठेवीन. माराकाना, अर्जेंटिनासमोर ब्राझील, कोविडमुळे स्टेडियम जवळजवळ रिकामं, डी पॉलचा लांबलचक पास, ब्राझीलच्या लोदीचा पाय पोचत नाही, आणि डी मारिया गोलकीपर एडरसनच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलतो. २८ वर्षं अर्जेंटिनाने काही जिंकलं नव्हतं, मधल्या काळात २०१५ आणि २०१६ च्या दोन फायनल चिलीविरुद्ध पेनल्टीवर गेलेल्या. शिट्टी वाजली तसा मेस्सी गुडघ्यांवर बसला आणि अख्खी टीम बाकी सगळं सोडून त्याच्याकडे धावली. तिथे अर्जेंटिनाची भूक मालीइतकीच होती, आणि म्हणूनच ती मॅच तशी झाली असं मला वाटतं.

आता आफ्कॉन, आणि इथे मी वेळ घेणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कोण जिंकेल हे खरोखर सांगता येत नाही. २०१२ ते २०२३ च्या सात स्पर्धा घ्या: झांबिया, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, अल्जेरिया, सेनेगल, पुन्हा आयव्हरी कोस्ट. सात स्पर्धांत सहा वेगळे विजेते. आणि गतविजेत्यांचं काय होतं ते बघा. इजिप्तने २००६, २००८, २०१० अशी हॅटट्रिक केली आणि पुढच्या सलग तीन स्पर्धांना ते क्वालिफायच झाले नाहीत. २०१३ चा विजेता नायजेरिया २०१५ ला आलाच नाही. अल्जेरिया २०१९ ला जिंकून पुढच्या वेळी ग्रुपमध्ये शेवटचे.

दुसरी गोष्ट, वेळ. आफ्कॉन बहुतेक वेळा जानेवारीच्या आसपास, युरोपच्या लीग चालू असताना होते, त्यावरून क्लब दर वेळी कुरकुर करतात. पण खेळ बघणाऱ्याच्या बाजूने विचार करा, युरो आणि कोपा सीझन संपल्यावर होतात तेव्हा खेळाडूंच्या पायात काही उरलेलं नसतं, आणि आफ्कॉनला ते ऐन फॉर्मात येतात. हा फायदा कुणी मोजतच नाही.

आता २०२३ ची स्पर्धा, जी प्रत्यक्षात २०२४ च्या सुरुवातीला झाली, होस्ट आयव्हरी कोस्ट. पहिली मॅच जिंकले, दुसरी नायजेरियाशी हरले, आणि तिसरीत २२ जानेवारीला आबिजानमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, इक्वेटोरियल गिनीने त्यांना ४-० ने मारलं. ४-०! त्यातले दोन गोल एमिलिओ न्सुएचे, वय ३४, स्पेनच्या तिसऱ्या डिव्हिजनमधल्या क्लबचा खेळाडू, तोच शेवटी स्पर्धेचा टॉप स्कोअरर ठरला. स्टँडमध्ये लोक रडत होते. तीन पॉइंट, गोल डिफरन्स उणे तीन, स्पर्धा संपल्यात जमा. दोन दिवसांत कोच गासेचं पद गेलं आणि असिस्टंट एमेर्स फाएच्या हातात टीम आली, ज्याने याआधी कुठल्याही सीनियर टीमचा हेड कोच म्हणून एकही मॅच घेतलेली नव्हती. आणि त्याच रात्री मोरोक्कोने झांबियाला १-० हरवलं आणि त्या निकालाने आयव्हरी कोस्ट तिसऱ्या नंबरवाल्यांतली शेवटची टीम म्हणून आत राहिली. आबिजानच्या रस्त्यावर लोक मोरोक्कोची जर्सी घालून फिरायला लागले.

पुढे गतविजेता सेनेगल. चौथ्याच मिनिटाला सेनेगलचा गोल, मग ८६ व्या मिनिटाला आयव्हरी कोस्टचा केसीए पेनल्टीवर बरोबरी करतो, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची किकही तोच मारतो. क्वार्टरफायनल मालीशी. पहिल्या हाफमध्येच आयव्हरी कोस्टचा एक जण रेड कार्डने बाहेर, दहा जण, माली १-० पुढे, आणि ९० व्या मिनिटाला आडिंग्राचा बरोबरीचा गोल. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या क्षणी, १२० मिनिटं उलटून गेल्यावर, डियाकिते चेंडूला टाचेने हलकंसं वळवतो, गोल, जर्सी काढून धावतो, त्याला दुसरं पिवळं कार्ड मिळतं आणि तो मैदानाबाहेर. त्याला पर्वा नव्हती, कुणालाच नव्हती. मालीचे खेळाडू गवतावर पडलेले, त्यांना आजवर हा कप एकदाही मिळालेला नाही, आणि मला तेव्हा त्यांच्यासाठी जितकं वाईट वाटलं तितकं क्वचितच कुठल्या टीमसाठी वाटलंय. सेमीफायनलला काँगो डीआर, हालेरचा गोल, १-०. त्या मॅचआधी राष्ट्रगीताच्या वेळी काँगोच्या खेळाडूंनी एका हाताने तोंड झाकलं आणि दुसऱ्या हाताची बोटं पिस्तुलासारखी कानशिलाला लावली, त्यांच्या देशाच्या पूर्वेकडे चाललेल्या हिंसेकडे जग बघत नाही म्हणून.

फायनल नायजेरियाशी, पुन्हा मागे, पुन्हा केसीए, आणि ८१ व्या मिनिटाला आडिंग्राचा क्रॉस आणि हालेरचा पाय, २-१. हालेरला २०२२ मध्ये कॅन्सर झाला होता, त्यातून बरा होऊन परत आलेला, आणि स्पर्धेच्या सुरुवातीच्या मॅच दुखापतीमुळे खेळूही शकला नव्हता. मी वर ज्या नियमावर टीका केली, तिसऱ्या नंबरवाल्यांचा, त्याच नियमाने ही गोष्ट घडली, तेही मला माहीत आहे. नियम तरी मला आवडत नाही.

आणि झांबिया, २०१२. १९९३ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय टीमचं विमान गॅबनच्या लिब्रव्हिलजवळ समुद्रात कोसळलं, विमानातलं कुणीही वाचलं नाही. १९ वर्षांनी फायनल नेमकी त्याच लिब्रव्हिलमध्ये. फायनलआधी टीम किनाऱ्यावर जाऊन फुलं वाहून आली. समोर द्रोग्बाची आयव्हरी कोस्ट, जिने अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नव्हता. ०-०, मग पेनल्टी, ८-७. जिंकल्यावर कोच एर्वे रनार सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेलेल्या जोसेफ मुसोंडाला स्वतः उचलून बाकीच्यांजवळ घेऊन गेला. आता सांगा, यात पासिंगची लेव्हल कोण मोजत बसणार?

दर दोन वर्षांनी होते म्हणून आफ्कॉनची किंमत कमी, असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं, जखम ताजी असतानाच परत संधी मिळते, त्यात मजा आहे. आता २०२८ नंतर ती चार वर्षांनी घ्यायचं ठरलंय, मला ते पटलेलं नाही.

एशियन कपबद्दल कुणी विचारतच नाही, म्हणून न विचारता सांगते. त्याचा मोठा प्रॉब्लेम म्हणजे अंतरं, फॅन्स प्रवास करून येऊ शकत नाहीत आणि होस्ट टीम नसलेल्या कितीतरी मॅचना स्टँड ओस पडलेले असतात. पण आतली गोष्ट बघा. कतारमधली २०२३ ची स्पर्धा, हीसुद्धा २०२४ च्या सुरुवातीला झालेली, राउंड ऑफ १६, इराक आणि जॉर्डन. जॉर्डनने पहिला गोल केल्यावर खेळाडू गवतावर वर्तुळ करून बसले आणि एकत्र जेवत असल्याचा अभिनय केला. मग इराकने बरोबरी केली, आणि ७६ व्या मिनिटाला आयमन हुसेनने गोल करून २-१ केलं आणि त्यांना उत्तर म्हणून स्वतः बसून गवत खाल्ल्यासारखं केलं. दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. दहा जणांचा इराक इंज्युरी टाइममध्ये दोन गोल खाऊन ३-२ हरला. आणि तोच जॉर्डन सेमीफायनलला सॉनच्या दक्षिण कोरियाला २-० हरवतो, आणि कोरियाचा एकही शॉट गोलवर जात नाही. याच स्पर्धेने २००७ मध्ये इराकला कप दिला होता, शिया, सुन्नी, कुर्द सगळे एका टीममध्ये, देशात रोज स्फोट होत असताना. सेमीफायनल जिंकल्यावर बगदादमध्ये जल्लोष करणाऱ्या लोकांवर बॉम्बहल्ला झाला, कितीतरी माणसं गेली, आणि तरी टीम जकार्तात फायनल खेळली आणि युनिस महमूदच्या हेडरवर सौदीला १-० हरवून गेली. लेव्हलच्या यादीत एशियन कप चौथा-पाचवा असेल, माझ्या यादीत दुसरा आहे, युरोच्या आधी.

गोल्ड कप, म्हणजे उत्तर आणि मध्य अमेरिकेचा आणि कॅरिबियनचा कप, मी बघते पण त्याच्यात जीव अडकत नाही, बहुतेक वेळा मेक्सिको नाहीतर अमेरिका. ओशनियाचं, म्हणजे पॅसिफिकमधल्या देशांचं, एवढंच सांगते की २०१२ ला ताहितीने तिथला कप जिंकला आणि त्यामुळे २०१३ ला कॉन्फेडरेशन्स कपला, म्हणजे खंडांच्या विजेत्यांच्या स्पर्धेला, गेले, नायजेरियाविरुद्ध १-६ हरले, पण तो एक गोल जोनाथन तेहाऊने हेडरने केला तेव्हा अख्खी टीम वल्ही मारायचा अभिनय करत रांगेत बसली, आणि ब्राझीलचे प्रेक्षक त्यांच्या बाजूने ओरडत होते. पुढच्या मॅचला स्पेनकडून ०-१० हरले, तेव्हाही.

तर एकच स्पर्धा बघायची असेल तर आफ्कॉन बघा, आणि पहिल्या मॅचवरून मत बनवू नका, पहिल्या मॅच तिथे बऱ्याचदा घाबरत खेळतात. ग्रुपच्या तिसऱ्या मॅचपासून बसा, ज्या टीमला जिंकायलाच हवं तिची मॅच लावा, स्टार कोण आहेत ते बघू नका. युरो सोडा असं मी म्हणत नाहीये, युरो तुम्ही तसाही बघणारच आहात.